भुवडमामांचं नाक

सोमवारी सकाळी पावणेनऊला मी कचऱ्याच्या यार्डाचं फाटक ढकललं आणि तिथंच उभी राहिले. आत कुणीतरी मांडवच घातला होता. झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, मधोमध देवीचा फोटो, पुढ्यात पुसट झालेली रांगोळी. आणि फोटोभोवती अर्धगोल करून ठेवलेले तेवीस निळे ड्रम, घासूनपुसून लख्ख. प्रत्येकाच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन पट्टे, पट्ट्यांच्या मध्ये कुंकवाचं स्वस्तिक.

“कसं वाटलं, म्याडम?” शिगवण मागून आला. चाळिशीचा गडी, यार्डात ड्रम हलवायचं काम त्याचं. “पयला नंबर आला आपला. रेडीज साहेबांनी सोता नारळ फोडला.”

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात प्रत्येक खातं आपापली यंत्रं धुतं, रंगवतं आणि पूजतं. सगळ्यांत देखण्या खात्याला बक्षीस असतं. यार्डाकडे यंत्र नव्हतं. होता तो कचरा, तर यांनी तोच पूजला. मी शनिवारी सुट्टीवर होते.

“लेबलं कुठायत?” मी विचारलं.

“कसली लेबलं?”

“ड्रमवरची, शिगवण. ड्रमवर लेबलं होती ना?”

“ती होय. पार काळी पडलेली. थिनर लावून काढली. दोन तास घासत होतो, हाताची सालटी निघाली.” त्याने खरंच हात दाखवले.

“आणि भिंतीकडचे कुठले, शेडमधले कुठले?”

तो ड्रमांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. हसू हळूहळू गेलं त्याचं.

“चार जणांनी मिळून लावले, म्याडम. कुणी कुठला आणला…”

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, तेव्हा मला रागवायचंसुद्धा त्राण नसायचं. सहा वर्षं मी त्या कारखान्याचं सांडपाणी आणि कचरा सांभाळत होते. चांगलं झालं तर कुणाला कळत नाही आणि वाईट झालं तर सगळे तुमच्याकडे बघतात, असलं ते काम. शिवाय रंगाच्या डब्याची चिठ्ठी शुक्रवारी मीच सही करून दिली होती. कशाला हवाय एवढंही विचारलं नव्हतं.

आमचा कारखाना चिपळूणच्या पुढे, कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं करणारा. आता बंद पडला. त्यातून दोन तऱ्हेचा गाळ निघायचा. एक आम्लाचा, एक सल्फाइडचा. दिसायला दोन्ही सारखे, राखाडी चिखल. आम्लाचे ड्रम भिंतीला लावून ठेवायचे आणि सल्फाइडचे पलीकडच्या शेडमध्ये, कारण हे दोघं एकत्र आले की विषारी वायू सुटतो. त्याला आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो, नुसत्या सल्फाइडच्या गाळालाही तोच. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गेला वायू. मग माणूस पडतो.

साडेदहाला विल्हेवाटीच्या केंद्राची गाडी आली. ड्रायव्हरने यार्डात एक फेरी मारली, स्वस्तिकांना हात जोडले आणि म्हणाला, “लेबल नाही तर मी उचलत नाही. तिकडे नुसतं कागदावर बघून खड्ड्यात ओततात, ताई. चुकीच्या खड्ड्यात गेलं तर माझीच माणसं मरायची.”

त्याचं बरोबर होतं. मी रेडीज साहेबांना बोलावलं. ते आमचे प्लान्ट मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा.

“तपासा मग,” ते म्हणाले.

“तपासायच्या पट्ट्या लॅबमध्ये. लॅबवाले दसऱ्याला जोडून रजेवर, किल्ली त्यांच्याकडे. उद्या सकाळी उघडेल.”

“उद्या गाडी कुठली? यांची पुढची फेरी पंधरा दिवसांनी. बुधवारी आपले नव्वद दिवस भरतात. त्यानंतर हा माल इथे दिसला की प्रदूषण बोर्डाची नोटीस.” त्यांनी कपाळ चोळलं. मग एकदम चेहरा मोकळा झाला. “अहो, आपल्याकडे भुवड आहे की. तीनला टाकीचं काम आहे, त्याच्या आत उरकून घ्या.”

भुवडमामा यार्डातले सगळ्यांत जुने. सत्तावीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. त्यांच्या नाकाबद्दल कारखानाभर गोष्टी सांगत. कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते मीटरच्या आधी भुवडला कळतं, म्हणत. भूमिगत टाकी साफ करायला माणसं उतरली की वर कडेला भुवडमामाच उभे राहायचे, आणि ते ‘वर या’ म्हणाले की माणसं वर यायची. दर वर्षी नव्या अधिकाऱ्यांना त्यांची ओळख करून देताना रेडीज म्हणायचे, “हे आमचं नाक.”

वासावरून घातक माल ओळखायचा नसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, आता तर मी हेच शिकवते. तरी मी ‘बरं’ म्हटलं. का म्हटलं? दमले होते म्हणून. याहून चांगलं कारण एकोणीस वर्षांत मला सापडलेलं नाही.

शिगवणला मी कोरी लेबलं आणायला ऑफिसात पाठवलं आणि आम्ही दोघं कामाला लागलो. मामा ड्रमचं छोटं बूच अर्धा फेरा सैल करायचे, जरासं वाकायचे, हाताने वारा घेतल्यासारखं करायचे. मी दोन पावलांवर मार्कर घेऊन उभी. मग ते मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि सांगायचे.

“सल्फाइड.”

मी पट्ट्यावर लिहायचे. पुढचा.

“आम्ल. चांगलं झोंबतंय.”

“मास्क तरी लावा, मामा.”

“मास्क लावून वास कसला घेणार?” ते हसले. “काकूंनी काय केलं होतं दसऱ्याला, विचारा ना.”

“काय केलं होतं?”

“काय नाय. मीच केलं. तिला हल्ली उभं राहवत नाय. घावने केले, पहिले चार तव्यालाच चिकटले.” त्यांनी तिसरं बूच लावलं. त्यांच्या बायकोचं, सुमतीकाकूंचं, चार वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं, चिपळूणच्या एका हॉस्पिटलात, कंपनीच्या मेडिकल कार्डावर. कार्ड मामांच्या नोकरीवर होतं. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

सहा ड्रम असे झाले. माझं डोकं उठलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी गॉगल चढवला, ओढणी नाकातोंडावरून गुंडाळून मागे गाठ मारली आणि म्हटलं, “हं, पुढचा.”

सातव्याचं बूच सैल झालं मात्र, ओढणीतूनसुद्धा कुजक्या अंड्यांचा भपकारा माझ्या घशापर्यंत आला. मामा वाकले होते, ड्रमच्या तोंडाशी. वीतभर अंतरावर. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

“आम्ल,” ते म्हणाले.

मी मार्कर टेकवलाच नाही.

“काय म्हणालात?”

“आम…” ते थांबले. माझ्या गॉगलकडे, ओढणीकडे बघत राहिले. “सल्फाइड. सल्फाइड म्हणालो मी.”

मी आधी बूच घट्ट केलं. मग ओढणी सोडली.

“मामा, तुम्हाला वास येतो का?”

ते शेजारच्या ड्रमला टेकून खाली उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर. मीही त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

“किती दिवस?”

“आठ वर्षं झाली. ती सल्फाइडची लाइन फुटली होती ना, तुमी यायच्या आधी. मी जवळ होतो. त्या दिवसापासनं काय म्हणजे काय नाय. जेवणाचा नाय, मोगऱ्याचा नाय, कसलाच.”

“मग हे सहा?”

“तुमच्या तोंडावरून.” त्यांनी लाजल्यासारखी मान खाली घातली. “आम्ल असलं की तुमी डोळे बारीक करता. सल्फाइड असलं की तोंड फिरवता, वरचा ओठ असा जातो. सगळ्यांचं आपापलं असतं. रेडीज साहेब खिशातला रुमाल चाचपतात.”

हसू की रडू, मला कळेना. आठ वर्षं कारखानाभर ज्या नाकाची कीर्ती होती, ते आमच्याच तोंडांवर चाललं होतं.

“सांगितलं का नाही?”

“गुजर आठवतो? नाय, तुमी नव्हता. त्याचं असंच झालं. डॉक्टरला खरं सांगितलं, तर महिन्यात घरी बसवला. अनफिट.” मामा माझ्याकडे बघत नव्हते. “मला रिटायर व्हायला अजून दोन वर्षं हायत, म्याडम. दोन वर्षं कार्ड चाललं तर तिची दोन वर्षं निघतील. डॉक्टर बोलला तसं. कार्ड गेलं की… मी तुमच्या पाया पडतो.”

“असं करू नका.”

“कुणाला बोलू नका.”

फाटकाबाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या टकलाकडे बघितलं. त्यावर शनिवारच्या रंगाचा एक पांढरा ठिपका राहिला होता.

“नाही बोलणार,” मी म्हटलं. “ड्रम आज जाणार नाहीत. मी कारण माझ्यावर घेते. तुमचं नाव येणार नाही.”

आणि मला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी आपण काहीतरी नीट करतोय असं वाटलं. मी गाडी परत पाठवली, सहाही ड्रमांवरची अक्षरं थिनरने पुसायला लावली, आणि रेडीज साहेबांच्या केबिनकडे निघाले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते.

“माल जाणार नाही, सर. उद्या लॅब उघडली की मी पट्टीनं एकेक तपासते.”

“गाडी परत पाठवलीत?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “खातू मॅडम, भुवड बसला होता ना तपासायला?”

“वासावर लेबल लावायचं नसतं. नियम आहे.”

“तो नियम अकराला नव्हता?”

“अकराला मी चुकले. रंगाची चिठ्ठी माझ्या सहीची आहे, लेबलं माझ्यामुळे गेली. मला मेमो द्या. नोटीस आली तर बोर्डासमोर मी उभी राहते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. पण तेही दमलेले असावेत. त्यांनी ड्रॉवरमधून मेमोचं पॅड काढलं, लिहिलं, फाडलं, माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. सुटले, असं वाटलं मला. उठलेसुद्धा.

“भुवडला टाकीवर पाठवा जाताना,” ते म्हणाले. “अडीच वाजले. गॅसचा मीटर अजून पुण्याहून दुरुस्त होऊन आला नाही, त्यामुळे तो टाकीच्या कडेला हवाच.”

केबिनच्या खिडकीतून टाकी दिसायची. तिच्या झाकणाशी कंत्राटदाराची दोन माणसं बसली होती. एकजण दुसऱ्याच्या कमरेला दोर बांधत होता, आणि गाठ नीट बसली का म्हणून तो दोर ओढून बघत होता. दुसऱ्याला गुदगुल्या होत असाव्यात, तो हसत होता. खाली टाकीच्या तळाला सहा महिन्यांचा गाळ, ढवळला की तोच वायू सोडणारा.

सकाळी साहेबांनी टाकीचं नाव घेतलं होतं. मी ऐकलंही होतं. पण डोक्यात नुसते ड्रम होते, आणि ड्रमांनंतर सुमतीकाकू. हे दोघं माझ्या डोक्यात आलेच नव्हते.

“सर, टाकीचं काम उद्यावर ढकला. मीटर येऊ दे.”

“आता हे काय नवीन? भुवड आहे ना.”

“तरी ढकला.”

“का पण? तुमचं आज चाललंय काय? सकाळपासून एकेक थांबवत सुटलाय. आज ढकललं तर उद्या तो उभा राहणारच आहे ना? परवा? पुढच्या वेळी?”

हे ते सहज म्हणाले. पण तिथंच माझी सगळी वाक्यं संपली. आज मी काहीतरी थाप मारली असती. उद्या मीटर आला असता. मग सहा महिन्यांनी मीटर पुन्हा बिघडला असता, मी रजेवर असते, आणि कुणीतरी म्हटलं असतं, भुवड आहे ना.

“भुवडमामांना वास येत नाही,” मी म्हटलं. “आठ वर्षं झाली.”

साहेबांनी काही विचारायच्या आधी फोन उचलला आणि टाकीवरच्या माणसांना झाकण लावायला सांगितलं. एवढं मात्र त्यांचं मी कायम मानते.

केबिनपासून यार्डापर्यंत चालायला चार मिनिटं लागायची. कसं सांगायचं ते मी ठरवत होते. आधी माफी, की आधी कारण? दोन तासही झाले नव्हते मला शब्द देऊन. भुवडमामा फाटकाशी उभे होते. मी दहा-बारा पावलांवर असेन. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडायला लागले.

“मामा, मी…”

“टाकीत उतरली नाय ना ती दोघं?”

“नाही.”

“बरं झालं.” गाठ सुटेना, ते नखाने ओढत राहिले. “सकाळपासनं त्याचीच धास्ती होती. दर वेळी असते. वरनं मी त्यांची तोंडंच बघत उभा राहतो. जरा कुणी नाक मुरडलं की ओढून घेतो. आतापर्यंत निभावलं.”

मी विचारू नये ते विचारलं. “मी बोलले नसते, तर तीनच्या आधी तुम्ही सांगितलं असतं?”

गाठ सुटली.

“ठाऊक नाय, म्याडम,” ते म्हणाले. किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. गरम होत्या. “घरी मी सांगतो तिला, मला जसं जमेल तसं. काय तरी दुसरं कारण सांगेन. तुमी मात्र येऊ नका आमच्याकडं. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं.”

दुसऱ्या दिवशी लॅब उघडली. मी रबरी हातमोजे, मास्क, सगळं चढवून तेवीसच्या तेवीस ड्रम पट्टीवर तपासले. मामांनी सांगितलेले पहिले सहा बरोबर निघाले. सातवा सल्फाइड.

बोर्डाची नोटीस आली, तिला मी उत्तर दिलं. मामांना डॉक्टरांनी तपासलं आणि अनफिट लिहिलं. त्यांचं नाक कारखान्याच्या लाइनमुळे गेलं, हे मी तीन पानं लिहून वर पाठवलं. उत्तर आलं की आठ वर्षं त्यांनी तक्रार केली नाही, त्यामुळे आता काही करता येत नाही. कार्ड डिसेंबरअखेर बंद झालं. मग ते काकूंना एसटीने रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात न्यायचे, नंबर लागला तर लागला. हे शिगवण सांगायचा. मी विचारायचे नाही, तरी सांगायचा.

मी आता कारखान्याकारखान्यांत जाऊन घातक कचऱ्यावर बोलते. लेबल, अंतर, मीटर, मास्क. शेवटी कुणीतरी विचारतं की मॅडम, तुमचा काही अनुभव? मी ड्रमांची गोष्ट सांगते, स्वस्तिकांची. लोक हसतात. टाकीवरचे दोघं त्या दिवशी संध्याकाळी सायकली घेऊन आपापल्या घरी गेले, आणि त्यांना कधीच काही कळलं नाही. मी बरोबर केलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि त्याने मला जरासुद्धा हलकं वाटत नाही.

सुमतीकाकू त्यानंतर चौदा महिने जगल्या. त्या सगळ्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेले नाही. मामांनीच येऊ नका म्हटलं होतं, असं मी स्वतःला सांगायचे. त्या गेल्यावर शिगवण मुद्दाम विचारायला आला, “म्याडम, गुरुवारी दहावं हाय. येताय ना? आमी सगळे जातोय.”

मी म्हटलं, “तुम्ही जा. मला यार्डात काम आहे.”

त्या गुरुवारी मी दिवसभर यार्डात खुर्ची टाकून बसले. आदल्याच दिवशी गाडी येऊन सगळा माल घेऊन गेली होती. यार्डात एकही ड्रम नव्हता.